मधल्या माणसाच्या हस्ते

सोलापूर, ता. ११ डिसेंबर १९३२

चि. नातवास आजीचे अनेक आशीर्वाद.

तुला एक आजी होती, आठवतं का? ठेंगणी, कपाळावर गोंदलेली, डाव्या कानाने कमी ऐकणारी आणि उजव्याने दोन्ही कानांचं ऐकणारी. नसेल आठवत तर वर्णन छापून दे तुझ्या मासिकात, कुणीतरी ओळखेल. दसरा गेला, दिवाळी गेली, तुझं साधं कार्ड नाही. पार्वतम्मा विचारत होती, मुक्या सिनेमांचा अभ्यास करता करता पोरगा स्वतःच मुका झाला का काय. मी म्हटलं, नाही गं, तो लिहितो की. फक्त छापून लिहितो. सगळ्या गावाला आधी कळतं आणि घराला मागून.

अक्षर ओळखलं असशील. माझी पत्रं लिहिणारे चनबसप्पा मास्तर, पार्वतम्माचे यजमान, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आलाय. परवा त्यांनी दौतीत बोट बुडवलं आणि टाक कानावर ठेवला. म्हणून मी तुझ्या बापाला बसवलंय. तो म्हणाला, "आये, मी त्याला पत्र लिहायचं न्हाई असं ठरवलंय." मी म्हटलं, "कोंड्या, पत्र तू कुटं लिहितोस? मी लिहितीय. तू नुसता हात हाईस." त्याने बराच विचार केला. गिरणीच्या कचेरीत हजेरी लिहिणारा माणूस, नियमात बसतं का ते बघितल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही. मग बसला. पण सुरुवातीला मी तुझं नाव सांगितलं, तर विचारते, काय लिहिलंस? म्हणतो, 'नातवास'. पाकिटावरही नाव घालणार नाही म्हणतो, नुसतं मासिकाच्या कचेरीचं घालणार. पोस्टमन हुशार असला तर पोचेल.

तू काय केलंस ते तुला पुन्हा सांगते. लिहिणारे लोक लिहून मोकळे होतात, ऐकणाऱ्यांच्या कानात राहतं.

शाळेतली मास्तरकी सोडून तू सिनेमे बघण्याचा धंदा धरलास, त्याला मी काही बोलले नाही. एकच चित्र सात-सात वेळा बघायचं, घड्याळ मांडीवर ठेवून कुठलं दृश्य किती वेळ टिकलं ते टिपायचं आणि त्यावर लेख लिहायचे, ह्यालाही वाचक असतात म्हणे. असतील. तुझा तो लेख आला त्या दिवशी गिरणीला सुट्टी होती. मी गोजरला चुलीपुढून उठवलं, "ये गं, तुझ्या लेकाचं छापून आलंय." पार्वतम्मालाही हाक मारली. कोंडीबा उभा राहिला आणि वाचायला लागला. त्याला बसून वाचता येतच नाही. पत्र्याच्या थिएटरात इतकी वर्षं पडद्याच्या बाजूला उभं राहून मुक्या चित्रांतल्या अक्षरांच्या पाट्या वाचलेला माणूस तो. आधी मराठीत, मग कानडीत, मग मागावरच्या पद्मसाळी विणकरांसाठी अर्धं तेलुगू नि अर्धं दखनी. तुला वाटतं लोक चित्र बघायला यायचे. अरे, आम्हाला कुठे अक्षर येत होतं? आम्ही त्याला ऐकायला यायचो.

तर तुझा लेख. "मुके चित्र स्वतः बोलत असता आपल्या गावोगावी एक मधला माणूस उभा राहून त्याचे तोंड दाबतो. तो पाटीवरचे वाचत नाही, मनचे वाचतो. सोलापुरात अशाच एकाने विहिरीत जीव दिलेल्या नायिकेस माहेरी पोचवलेले मी लहानपणी ऐकले आहे. अक्षरओळख झाल्यावर ही लबाडी मला कळली." हे सगळं तुझ्या बापाने खणखणीत आवाजात शेवटपर्यंत वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. जन्मात पहिल्यांदा लिहिलंय तसं वाचलं, आणि ते नेमकं तुझं निघालं. खाली तुझं नाव छापलं होतं, तेवढं गाळलं. मासिक फळीवर ठेवून म्हणाला, "हितून फुडं त्याचं नाव माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई."

त्याच महिन्यात थिएटरच्या मालकाने त्याला सांगितलं होतं, "कोंडीबा, आता चित्रंच बोलायला लागली. तुमी दारात तिकिटं फाडा." एक संध्याकाळ फाडली आणि घरी आला. हे तुला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. (लिहिणारा म्हणतो, हे गाळ. मी म्हणते, लिही.)

माझी तक्रार वेगळीच आहे. त्या चित्रातली ती गोऱ्या कपाळाची बाई. विहिरीच्या काठावर उभी राहिली, तेव्हा आम्ही सगळ्या बायका पदर तोंडात धरून बसलो होतो. कोंडीबाने वाचलं, "आणि मग ती आपल्या माहेरी निघून गेली. भावानं तिला साडीचोळी केली." केवढा सुस्कारा सोडला आम्ही. तेव्हापासून ती माझ्या मनात माहेरी सुखाने नांदत होती. दोन-चार लेकरंही मी तिला दिली होती. तू लेख लिहिलास आणि एका ओळीत तिला मारलीस. अभ्यास म्हणतात तो हाच का?

मला आता फार काही नको. तुम्ही दोघं बाप-लेक एका पंगतीला बसलेले मला एकदा बघायचे आहेत. मी बघेपर्यंत मरणार नाही, तेव्हा घाई तुम्हालाच असली पाहिजे.

तुझी आजी सारजाबाई. निशाणी डावा अंगठा. हस्ते कोण, ते लिहायला हा तयार नाही.


सोलापूर, ता. ३ मार्च १९३३

चि. नातवास अनेक आशीर्वाद.

तुझं लांब पत्र पोचलं. म्हणजे पोस्टमन हुशार निघाला. तुला कोल्हापूरच्या सिनेमा कंपनीने कथाखात्यात घेतलं, ऐकून गोजरने देवापुढे गूळ ठेवला. ह्याने पत्र वाचून दाखवलं. लोक टपालाने गोष्टी पाठवतात, त्यांचे गठ्ठे तुझ्यापुढे येतात, तू त्या वाचायच्या, कुठली चित्राला चालेल ते मालकांना सांगायचं आणि मोडक्या गोष्टींना टेकू द्यायचे. हे काम मला समजलं. लग्न जुळवणाऱ्यासारखं आहे. वधूपक्षाचं खरं बोलायचं नाही, वरपक्षाला खोटं सांगायचं नाही.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "तीर्थरूप बाबांच्या चरणी शिरसाष्टांग दंडवत. त्यांच्या आवाजाची सर बोलपटाच्या भोंग्याला येणार नाही." हे ऐकून मला फार बरं वाटलं. वाचताना लिहिणाऱ्याने दोनदा घसा खाकरला. मी म्हटलं, "बघ, पोरगं नमतंय. तूही आता ताठा सोड." तर म्हणतो, "बघू की." ह्याच्या तोंडी 'बघू की' आलं म्हणजे निम्मी लढाई झाली. तुझ्यासारखा शिकलेला नातू असल्याचा पहिल्यांदा काही उपयोग झाला म्हणायचा.

आता तुझी अडचण. तू स्वतः जी गोष्ट उभी करतोयस, ती वाचून तुझे मालक हसले म्हणतोस. तुझी नायिका रागावली की 'तथापि' म्हणते. अरे देवा. कुणाच्या घरात बघितलंस असं? तुझी आई कधी 'तथापि' म्हणाली? बाई खरी रागावली की बोलतच नाही रे. नेहमीसारखं वाढते. फक्त ताट जरा लांब ठेवते, पुरुषाला हात लांबवावा लागेल इतकं. तो हात लांबवतो तेव्हा त्याला कळतं, आणि बघणाऱ्यालाही. तुझ्या घड्याळात ते किती वेळ टिकतं ते तू मोज. बोलपट आला म्हणून सगळ्यांनी सारखं बोललंच पाहिजे, असा सरकारी हुकूम निघालाय का?

(लिहिणारा मान हलवतोय. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळत नाही.)

पुढचं लवकर लिही. आणि बापाला असाच नमस्कार घालत जा, त्याला मानवतोय. परवा कधी नव्हे ते दाढी करताना गुणगुणत होता.

आजी सारजाबाई. निशाणी अंगठा.


सोलापूर, ता. २० जुलै १९३३

चि. नातवास आशीर्वाद.

हे पत्र नीट वाच. मी एक एक शब्द सांगणार आहे आणि लिहिणाऱ्याने तो लिहायचा आहे. आज त्याची परीक्षा आहे.

चैत्रापासून तुझी कार्डं येतात. हा गिरणीतून आला की उभा राहतो आणि वाचतो. दर वेळी दंडवत असतो, दर वेळी वाढलेला असतो. एकदा तू बाबांची आठवण येऊन जेवला नाहीस. एकदा तुला स्वप्नात पत्र्याचं थिएटर दिसलं आणि तू रडलास. गोजर डोळे पुसायची. मीही पुसत होते, खोटं कशाला सांगू.

परवाचं कार्ड आलं तेव्हा हा घरी नव्हता. पोस्टमनने माझ्या हातात दिलं. मी ते उंबऱ्यात बसून उलटंसुलटं बघितलं. मला अक्षर येत नाही, पण कोरा कागद ओळखता येतो. वर दोन-तीन ओळी मुंग्यांसारख्या चालल्या होत्या आणि खाली सगळं रान मोकळं होतं. संध्याकाळी ह्याच्या हातात दिलं. हा उभा राहिला आणि वाचत सुटला. चुलीवरचं दूध उतू गेलं तरी ह्याचं वाचन संपेना. तू आजारी पडलास, बरा झालास, तापात "बाबा, बाबा" म्हणालास.

मी म्हटलं, "कोंड्या, एवढं सगळं एवढ्याशा कार्डावर मावतं व्हय रं?"

"बारीक लिहिलंय, आये."

"कुटं लिहिलंय? मोकळ्या रानात?"

गोजर पदर धरून उभी होती, ती आत गेली. मी म्हटलं, "आता हाय तसं वाच." त्याने हाय तसं वाचलं. "आजीस नमस्कार. काम फार आहे. गोष्ट मालकांनी मान्य केली, पुढच्या महिन्यात चित्र घेणे सुरू होईल. बाकी ठीक." संपलं. बापाचा शब्द नाही. मी विचारलं, आधीची? म्हणाला, आधीचीही तशीच. पहिल्या लांब पत्रातला दंडवतही ह्याचाच, आणि भोंग्याची सर न येणारा तो आवाजही. त्या दंडवताचं मी तुला कळवलं तेव्हाच तुला हे उमगलं असेल, तरी तू अवाक्षर काढलं नाहीस.

"कशापायी?" मी म्हटलं.

"तुला बरं वाटावं म्हणून."

"मला बरं वाटायला पायजे होतं तर दंडवत माझ्या पायाला घालायचा. सगळं तुझ्याच पायाला का घातलंस?"

त्यावर तुझ्या बापाने कार्ड खाली ठेवलं. खिडकीशी जाऊन उभा राहिला. खिडकीतून काय दिसतं तुला ठाऊक आहे, चनबसप्पा मास्तरांची भिंत. ती बघत राहिला. मी आयुष्यभर ह्याला खूप बोलले आहे, पण त्या वेळी मला तुझा तो लेख आठवला. तू लिहिलंस की हा लबाड आहे. आहेच. पण लबाडी करून ह्याने कधी स्वतःला वाढून घेतलं नव्हतं, सगळ्यांच्या ताटात वाढायचा. आत्ता पहिल्यांदा स्वतःच्या ताटात घेतलं. म्हणजे किती भूक लागली असेल ते तू समज.

हे सगळं मी त्याला लिहायला लावलंय. इथपर्यंत येईतो त्याने टाक तीनदा खाली ठेवला. एकदा मी उचलून हातात दिला, एकदा गोजरने. तिसऱ्यांदा त्याने आपला आपण उचलला.

आता माझी पंचाईत बघ. ह्याने खरंच लिहिलं, की "सोलापुरात पाऊस बरा आहे" असं काही लिहून मला गंडवलं, हे मला कळायला मार्ग नाही. म्हणून मी युक्ती काढली आहे. हे सगळं तुला जसंच्या तसं पोचलं असेल, तर पुढच्या कार्डावर एक उंट काढ. उंटच काढ. हा चुकूनसुद्धा उंट काढायच्या फंदात पडणार नाही, ह्याला गाढवही काढता येत नाही. उंट दिसला की मी समजेन. त्या उंटाच्या खाली तुला बापाला काही लिहायचं असेल तर लिही. लिहायचं नसेल तर नको लिहूस, पण मग जागा मोकळी ठेवू नकोस. मोकळी जागा ह्याला सोसत नाही.

आजी. निशाणी अंगठा.


सोलापूर, ता. १९ जानेवारी १९३४

चि. मानसिंग यास अनेक उत्तम आशीर्वाद.

उंट पोचला होता. पार्वतम्मा त्याला हंडे ठेवायची घडवंची म्हणते, गोजर म्हणते पाय जास्त झालेत, पण मी मान ओळखली. तू सिनेमावरच लिही बाबा, चित्रं काढायच्या फंदात पडू नकोस.

कार्ड आलं त्या दिवशी मी ते ह्याच्यापुढे धरलं. ह्याने उंट बघितला. मला वाटलं हसेल. हसला नाही. खाली एकच ओळ होती, "बाबांस नमस्कार." ह्याने तेवढंच वाचलं. मी विचारलं, "इतकंच?" म्हणाला, "इतकंच हाय." कार्ड सदऱ्याच्या खिशात घातलं आणि गिरणीत गेला. नंतर धुण्यात सदरा टाकला तरी कार्ड काढून घेतलं. पुढे तुझी कार्डं येत राहिली. चित्र घेणं सुरू झालं, थांबलं, पाऊस आला, नट पळाला, पुन्हा सुरू झालं. हा जसं असेल तसं वाचायचा. कोरडं लागत होतं मला. ह्याच्या वाचनाची सवय लागलेली, नुसतं खरं अळणी लागतं.

आणि मग तुझा बोलपट सोलापुरात लागला. त्याचं नाव मी लिहून देत नाही, मला ते आवडलं नाही. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गेलो, त्याच पत्र्याच्या थिएटरात. हा येणार नाही म्हणाला. मग म्हणाला, दारापर्यंत सोडतो. मग दारावरच्या माणसाने ह्याला ओळखलं, "या की कोंडीबा, तुमचंच घर हाय," आणि आत ढकललं. आम्ही बायका डावीकडे कनातीपलीकडे बसलो, हा पुरुषांत मागे भिंतीला टेकून उभा राहिला. थिएटरात बसतच नाही, तुला सांगितलं ना. गिरणी सुटून आलेले लोक, मागावरचे लोक, सगळी गर्दी. अंधार झाला. वाद्यं वाजायला लागली आणि पडद्यावर अक्षरं आली.

कंपनीचं नाव आलं. आणि मागून आवाज आला. खणखणीत. कंपनीचं नाव वाचलं, मराठीत, मग कानडीत. थिएटरात हशा पिकला. जुने लोक ओरडले, "वाचा, कोंडीबा, वाचा!" नवे ओरडले, "अरं, खाली बसवा त्याला." हा ऐकेल तर शपथ. मला वाटतं, आपण वाचतोय हेच त्याच्या ध्यानात नव्हतं. पडद्यावर अक्षर दिसलं की ह्याचं तोंड उघडतं, इतकंच. नटांची नावं वाचली, गाणाऱ्याचं वाचलं, कॅमेरावाल्याचं वाचलं. मग पुढची पाटी आली. "कथा आणि संवाद," ह्याने वाचलं.

आणि थांबला.

पाटी तशीच होती. मला दिसत होती, काळ्यावर पांढऱ्या मुंग्या. तिथे काय असणार हे अक्षर न येताही मला कळलं. लोकांनाही वाटलं, हा का थांबला? पुढच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, "कुणाचे संवाद? सांगा की मालक."

"मानसिंग कोंडीबा," ह्याने वाचलं. ह्याचा आवाज तुला ठाऊक आहे, पत्र्याच्या बाहेर रस्त्यावर जातो. पण ते त्याने असं वाचलं, जसं शेजारच्या माणसाला सांगतोय. मग पाटी गेली. गेलेल्या पाटीवर पुन्हा वाचलं, आता मोठ्याने, "मानसिंग कोंडीबा, मुक्काम सोलापूर!" 'मुक्काम सोलापूर' पडद्यावर नव्हतंच, नंतर मी विचारून घेतलं. सवय काही जात नाही. कानडीत वाचलं, तेलुगूत वाचलं. तुझं नाव तेलुगूत वेगळं कसं होतं ते मला विचारू नकोस. तोवर पडद्यावरचे लोक बोलायला लागले होते, त्यांचं पहिलं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. तेवढं एक तुझं वाक्य वाया गेलं. मोठं होतं का रे?

मग हा गप्प राहिला. पूर्ण चित्रभर एक शब्द नाही. तुझ्या नायिकेने ताट लांब ठेवलं तेव्हा आमच्याकडच्या बायकांत अशी शांतता पसरली की पंखा ऐकू आला. नवऱ्याने हात लांबवला आणि पार्वतम्मा माझ्या कानात म्हणाली, "मेला आता." चांगलं झालंय. 'तथापि' कुठे आलं नाही. शेवट मात्र लांबलाय, मला दोन जांभया आल्या. तो मालकांचा असेल तर त्यांना सांग, तुझा असेल तर सुधार.

घरी येताना हा पुढे चालत होता. गोजरने मागून विचारलं, "कसं वाटलं?" म्हणाला, "मधी कुणी लागत न्हाई आता. पोरगं नीट सांगतंय." आणि चार पावलं गेल्यावर, "मानसिंग नीट सांगतंय."

आज पत्राला बसलो, मी नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली. वर काय लिहिलंस ते विचारलंही नाही. विचारलं असतं तर कदाचित खोडलं असतं त्याने. तू बघशीलच.

आजी सारजाबाई. निशाणी अंगठा. हस्ते कोंडीबा.


सोलापूर, ता. ६ एप्रिल १९३४

चि. मानसिंग, आशीर्वाद.

अक्षर बदललं म्हणून घाबरू नकोस. सगळं ठीक आहे, उलट फारच ठीक आहे. चनबसप्पा मास्तरांचा मोतीबिंदू काढला, आता त्यांना माझ्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा दिसतात आणि ते मोजून दाखवतात. हे पत्र त्यांनी लिहिलंय. त्यांच्या मराठीत मधेच कानडी आली तर सोडून दे. नेहमीचा लिहिणारा घरात नाही, कारण तो तुझ्याकडे निघाला आहे. कुर्डुवाडीला गाडी बदलून मिरजेवरून येईल. हे पत्र आधी पोचलं तर स्टेशनवर जा. तो आधी पोचला तर हे पत्र त्याच्यासमोर वाचू नकोस.

तुझं पाकीट त्यालाच आलं होतं. त्याच्या नावाचं. त्याने ते माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "आये, हे मी वाचत न्हाई. मास्तरांना वाचू दे. मग मी मधी काय घातलं असं कुणी म्हणायचं न्हाई." मास्तरांनी नव्या डोळ्यांनी पहिलं वाचलं ते तुझं पत्र. कॉलेजातले लोक तुला मुक्या चित्रांवर व्याख्यान द्यायला बोलावतात. कंपनीच्या गोदामात एक जुनं चित्र धड सापडलंय, बाकीची चांदीसाठी वितळवून टाकली. ते चित्र तिथे दाखवायचं आहे. तू लिहिलंस, "बाबा, माझा पहिला लेख अर्धा होता. मी पडदा बघितला, समोरचे लोक बघितले नाहीत. पाट्या तुम्ही वाचा. जशा वाचायचात तशाच. मी मधे बोलणार नाही, नंतर बोलेन." मास्तर वाचत होते आणि तुझा बाप खिडकीशी उभा होता. संपल्यावर म्हणाला, "अजून एकदा वाचा मास्तर." मास्तरांनी वाचलं. "आता कानडीत सांगा," म्हणाला. त्याला कळलं नव्हतं असं नाही. त्याला पुन्हा ऐकायचं होतं.

मी आता हलकी झाले, पोरा. दीड वर्ष मी ह्या दोघांत दळण दळत बसले होते, हात दुखून आले. रात्री कुशीवर वळले की झोप लागते. काल गोजर म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही घोरायला लागला पुन्हा." घोरते. घोरू दे.

पण तुला चार गोष्टी सांगून ठेवते, हा तिथे असताना उपयोगी पडतील. त्याला खुर्ची दिलीस तरी तो बसणार नाही, तेव्हा आग्रह करू नकोस. गुळण्या करायला कोमट पाणी लागेल. महिनाभर मागच्या अंगणात पार्वतम्माच्या शेळीला पाट्या वाचून दाखवतोय, शेळीने दूध कमी केलं. कॉलेजातल्या लोकांसमोर त्याने मनचं काही वाचलं तर त्याच्याकडे बघून हसू नकोस. लोकांनी हसलेलं त्याला चालतं, तू हसलेलं चालणार नाही. आणि चूक दाखवायची असेल तर घरी आल्यावर, जेवण झाल्यावर, पान खाताना दाखव. तेव्हा तो सगळं कबूल करतो, मला अनुभव आहे.

तुझ्या खोलीत दोन माणसांचं जेवण होईल का रे? तुझ्याकडे ताटं किती, ते तू कधी लिहिलं नाहीस. एकच असेल तर शेजाऱ्याकडून माग. पण बसा एकत्र. मी बघायला नसेन, ते मला आता इतकं लागत नाही. नंतर दोघांनीही मला सांगा. वेगवेगळं सांगा, म्हणजे मी ताडून बघेन. मग सुट्टी काढून दोघं इथे या, तेव्हा पुन्हा बसाल.

मी ह्याच्याबरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी दिली आहे, मोठ्या डब्यात तुझी, छोट्या डब्यात त्याची. गाडीत त्याने मोठ्यातली खाल्ली असणार, तेव्हा छोटा डबा तू घे. येताना त्याच्याबरोबर काकवी पाठव, कोल्हापूरच्या गुऱ्हाळातली, ह्या हंगामाची, पातळ नको. मातीच्या बरणीत भर आणि तोंडाला दुहेरी फडकं बांध. कंपनीत फिल्मचे रिकामे डबे पडलेले असतात म्हणून त्यांत भरू नकोस, औषधाचा वास लागेल. बरणी ह्याच्या मांडीवर नको, पिशवीत तळाशी ठेव. आणि मास्तर म्हणतात, लिहिणावळ म्हणून त्यांनाही एक वेगळी पाठव.